माय सो-कॉल्ड लाइफ

‘माय सो-कॉल्ड लाइफ’ ही अमेरिकी दूरचित्रवाणी मालिका पंधरा वर्षांच्या अँजेला चेस या मुलीच्या वयात येण्याची गोष्ट सांगते. २५ ऑगस्ट १९९४ ते २६ जानेवारी १९९५ या काळात एबीसी वाहिनीवर तिचे अवघे १९ भाग दाखवले गेले. मालिकेची कल्पना आणि मुख्य लेखन विनी होल्झमन यांचे. मार्शल हर्स्कोविट्झ आणि एडवर्ड झ्विक हे निर्माते. कथा पिट्सबर्गजवळच्या ‘थ्री रिव्हर्स’ या काल्पनिक उपनगरात आणि तिथल्या लिबर्टी हायस्कूलमध्ये घडते.

पहिल्याच भागात अँजेला लहानपणापासूनची मैत्रीण शेरॉन हिच्यापासून दुरावते, बेफिकीर रेयॅन ग्राफच्या नादाने केस लालभडक रंगवते आणि घरात आईशी तिचे खटके उडू लागतात. वर्गात अ‍ॅन फ्रँकबद्दल, म्हणजे नाझींपासून लपून राहताना डायरी लिहिणाऱ्या आणि पुढे छळछावणीत मेलेल्या ज्यू मुलीबद्दल, विचारल्यावर अँजेला बोलून जाते की ती मुलगी नशीबवान होती. बाई हादरतात. अँजेलाचे कारण साधे असते: अ‍ॅनला आवडणारा मुलगा त्याच माळ्यावर तिच्यासोबत अडकलेला होता. हे उत्तर दुष्टपणाचे नाही. स्वतःच्या ओढीपलीकडचे काही दिसू न देणाऱ्या वयाचे ते आहे, आणि लेखिका त्याबद्दल मुलीला फटकारतही नाही की तिची पाठही थोपटत नाही.

मालिकेचा कणा म्हणजे अँजेलाचे निवेदन. ती अडखळते, वाक्य अर्धवट सोडते, आत्ता म्हटलेले पुढच्या क्षणी खोडते. त्याआधीच्या बहुतेक शालेय मालिकांत प्रत्येक भागात एक समस्या यायची आणि शेवटी कुणीतरी मोठे माणूस ती सोडवायचे. इथे तसे होत नाही. दोन भागांत निवेदन दुसऱ्यांकडे जाते: एकदा शेजारचा हुशार पण एकाकी ब्रायन क्रॅकाऊ बोलतो, एकदा अँजेलाची धाकटी बहीण डॅनिएल. तेव्हा कळते की अँजेलाही इतरांना किती दुखावत असते.

जॉर्डन कॅटॅलानो हे अँजेलाचे वेड. जॅरेड लेटोने तो फार कमी शब्दांत उभा केला आहे. जॉर्डनला नीट वाचता येत नाही आणि इतकी वर्षे शाळेत ते कुणाच्या लक्षात आलेले नाही. त्याने रचलेले गाणे आपल्याबद्दल आहे असे अँजेलाला वाटते, पण ते असते त्याच्या लाल गाडीबद्दल. शाळेच्या बॉयलरच्या खोलीत तो तिला चोरून भेटतो, चारचौघांत मात्र ओळख दाखवत नाही. बाराव्या भागाच्या शेवटी तो सगळ्यांसमोर येऊन तिचा हात धरतो. एवढीच कृती, पण आधीच्या अपमानांमुळे तिला वजन येते.

रिकी वास्केझ हे पात्र मालिकेची सर्वांत मोठी देणगी आहे. मुलांच्या स्वच्छतागृहात त्रास होतो म्हणून मुलींच्या स्वच्छतागृहात मैत्रिणींसोबत थांबणारा, हळवा रिकी हळूहळू आपण समलिंगी असल्याचे शब्दांत मांडू शकतो. नाताळच्या भागात मारहाण होऊन तो बेघर होतो आणि पुढे कॅटिम्स्की या शिक्षकांच्या घरी त्याला आसरा मिळतो. ही भूमिका करणारे विल्सन क्रूझ स्वतः उघडपणे समलिंगी होते. वडिलांना खरे सांगितल्यावर त्यांनाही नाताळच्या सुमारास घर सोडावे लागले होते. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहिनीवर त्या काळी असे पात्र नेमाने दिसणे ही नवी गोष्ट होती.

आईवडिलांनाही इथे पुरते आयुष्य मिळाले. पॅटी घरचा छपाईचा व्यवसाय सांभाळते, ग्रॅहमला स्वयंपाकाची ओढ आणि स्वतःचे उपाहारगृह काढायचे स्वप्न. यामागे एक व्यावहारिक कारणही होते. अँजेला साकारणारी क्लेअर डेन्स खरोखरच अल्पवयीन होती, कायद्याने तिचे कामाचे तास मर्यादित होते, म्हणून इतर पात्रांच्या कथा वाढवाव्या लागल्या. या अडचणीने मालिकेचे भलेच झाले. विशीतले नट शाळकरी मुले म्हणून उभे करण्याच्या प्रथेत डेन्सचा चेहरा वेगळा उठून दिसतो: रडू येण्याआधी तिची हनुवटी थरथरते, तेव्हा अभिनय पाहतो आहोत असे वाटत नाही.

समीक्षकांनी मालिकेला डोक्यावर घेतले. डेन्सला १९९५ मध्ये गोल्डन ग्लोब मिळाला आणि एमी नामांकनही झाले. प्रेक्षकसंख्या मात्र कमी राहिली. गुरुवारी रात्री आठची वेळ तिच्या वाट्याला आली, आणि त्याच वेळेत एनबीसीवर ‘फ्रेंड्स’ नव्याने सुरू झाली होती. मालिका बंद पडू नये म्हणून चाहत्यांनी ‘ऑपरेशन लाइफ सपोर्ट’ ही मोहीम उभारली. इंटरनेटवरून चाललेल्या अशा मोहिमांपैकी ती अगदी सुरुवातीची. मे १९९५ मध्ये एबीसीने मालिका अधिकृतपणे बंद केली. एमटीव्हीवरच्या पुनःप्रक्षेपणातून तिला नवा तरुण प्रेक्षक मिळाला.

शेवटच्या भागात जॉर्डनच्या नावाने अँजेलाला मिळालेले माफीचे पत्र खरे तर ब्रायनने लिहिलेले असते. हे तिला उमगते, तरी ती जॉर्डनच्या गाडीत बसून निघून जाते. दुसरा हंगाम झालाच नाही, त्यामुळे हा गुंता मालिकेत तसाच राहिला.