प्राचीन ग्रीक धर्मातील देवदेवता

ग्रीक देवदेवता : ग्रीसमधील नगरराज्यांत आणि भूमध्य व काळ्या समुद्रांच्या काठांवरील ग्रीक वसाहतींत, इ.स.पू. दुसऱ्या सहस्रकाच्या उत्तरार्धापासून इसवी सनाच्या चौथ्या शतकाअखेरपर्यंत पूजल्या गेलेल्या देवता. देवांचा राजा झ्यूस, त्याची पत्नी हेरा, समुद्राचा देव पोसायडन, धान्याची देवी डेमेटर, अथीना, अपोलो, आर्टेमिस, प्रेमाची देवी अ‍ॅफ्रोडाइटी, हर्मीस, आरेस, हेफेस्टस आणि मद्याचा देव डायोनायसस ही त्यांतली ठळक नावे. आज त्यांची ओळख होते ती बहुधा कथांमधून : झ्यूसची प्रेमप्रकरणे, हेराचा मत्सर, ट्रॉयच्या युद्धात देवांनी घेतलेल्या बाजू. पण घर चालवणारा, शेत पेरणारा, गलबत हाकणारा ग्रीक माणूस ज्या देवापुढे उभा राही, तो कथेतल्या कुटुंबातला एक सदस्य एवढाच नसे. तो अमुक गावचा, अमुक विशेषणाचा, अमुक तिथीला अमुक बळी घेणारा देव असे. हा धर्म समजून घ्यायचा तर कथांइतकेच, किंबहुना अधिक, लक्ष वेदीकडे द्यावे लागते.

उगम : सर्वांत जुना लेखी पुरावा क्रीट बेटावरील नॉसस आणि दक्षिण ग्रीसमधील पायलॉस येथील राजवाड्यांत सापडलेल्या मातीच्या पाट्यांचा. त्यांवरील ‘लिनिअर बी’ लिपी मायकल व्हेन्ट्रिस याने १९५२ मध्ये उलगडली, तेव्हा झ्यूस, हेरा, पोसायडन, हर्मीस ही नावे वाचता आली. मजकूर अगदी कोरडा आहे : कोणत्या देवाकडे किती तेल, किती मध, किती धान्य पाठवायचे याचे कोठारातले हिशेब. पायलॉसमध्ये सर्वांत मोठा मान पोसायडनचा दिसतो. डायोनायसस हा उशिरा, बाहेरून आलेला देव असे विद्वान बराच काळ मानत. त्याचेही नाव या पाट्यांवर निघाले आणि ते मत सोडून द्यावे लागले. कथांमध्ये तो सदैव परदेशातून येतो, हे त्याच्या स्वभावाचे वर्णन समजावे. अ‍ॅफ्रोडाइटीचे नाव मात्र पाट्यांवर नाही. तिचे मोठे ठाणे सायप्रस बेटावरील पाफॉस येथे होते आणि पश्चिम आशियातल्या अस्टार्टे, इश्तार या देवींशी तिचे नाते उघड आहे. झ्यूस आणि वेदांतील द्यौष्पितर यांची नावे एकाच मुळातली. पण मेघ गोळा करणारा, वज्र फेकणारा झ्यूस करणीने इंद्राच्या जवळचा आहे.

इ.स.पू. पाचव्या शतकातील इतिहासकार हिरॉडोटस म्हणतो, की देवांची वंशावळ, त्यांची विशेषणे, मान आणि रूपे ग्रीकांना होमर व हेसिअड यांनी घडवून दिली, आणि हे दोघे आपल्यापूर्वी फार तर चारशे वर्षांचे. हे विधान धाडसी आहे, आणि बरेचसे खरेही. गावोगावच्या देवांना एका घरात बसवण्याचे काम कवींनी केले. या धर्माला प्रमाणग्रंथ नव्हता, श्रद्धेची प्रतिज्ञा नव्हती, वेगळा पुरोहितवर्गही नव्हता. पुजारीपण काही ठिकाणी घराण्यात चाले, तर काही ठिकाणी चिठ्ठ्या टाकून ठरे. आशिया मायनरमधील (आजच्या तुर्कस्तानातील) काही नगरांत ते चक्क विकले जाई.

बारा देव : ऑलिंपस पर्वतावर बारा देव राहतात, ही कल्पना सर्वत्र होती. अथेन्सच्या बाजारचौकात इ.स.पू. ५२२-२१ च्या सुमारास धाकट्या पायसिस्ट्रेटसने बारा देवांची वेदी बांधली. नगरापासूनची अंतरे तिथून मोजत. बारा हा आकडा पक्का, यादी मात्र कच्ची. अथेन्समधील अथीनेच्या देवळाच्या, पार्थेनॉनच्या, पूर्वेकडील शिल्पपट्टात डायोनायसस आहे, चुलीची देवी हेस्टिया नाही. ऑलिंपिया येथे बारा देवांच्या सहा जोडवेद्या होत्या, तिथल्या बारांत झ्यूसचे आईबाप क्रोनस, रिया आणि शेजारून वाहणारी आल्फिओस नदीसुद्धा होती. हेस्टियाने डायोनायससला आपली जागा खुशीने दिली, अशी कथा हल्लीच्या अनेक पुस्तकांत सांगतात. प्राचीन ग्रंथांत तिला आधार नाही. पाताळाचा स्वामी हेडीस झ्यूसचा सख्खा भाऊ असूनही सहसा बारांत धरला जात नसे आणि त्याची देवळेही फार थोडी.

विशेषणे : ग्रीक देवाचे नाव एकटे क्वचितच येते. अंगणातल्या वेदीवरचा झ्यूस हर्किओस, कोठीतल्या मडक्यात वसणारा झ्यूस क्टेसिओस, पाहुण्यांचा कैवारी झ्यूस झेनिओस, शपथेचा साक्षी झ्यूस हॉर्किओस. ऑलिंपियात यज्ञाच्या वेळी माश्या पिटाळणाऱ्या झ्यूसलाही बळी दिला जाई. झ्यूस मेलिखिओस तर दाढीधारी राजा नव्हेच. कोरीव शिळांवर तो वेटोळे घातलेल्या भल्या मोठ्या सापाच्या रूपात दिसतो. अथेन्समध्ये उच्चपदाला उमेदवार निवडताना त्याच्या घरी अंगणातला झ्यूस आहे का, हे विचारत. म्हणजे घरचा देव हा नागरिकत्वाचा पुरावाच होता.

हे सगळे एकाच झ्यूसचे पैलू की वेगवेगळे झ्यूस? तत्त्वज्ञ एक उत्तर देतील. व्यवहारात लोक कसे वागत, हे झेनोफन या सेनानी-लेखकाने स्वतःच्याच अनुभवातून लिहून ठेवले आहे. इराणच्या मोहिमेतून दहा हजार भाडोत्री ग्रीक सैनिकांना परत आणल्यावर, इ.स.पू. ३९९ मध्ये, तो लॅम्प्सकस येथे पोचला तेव्हा त्याच्याकडे घरी जाण्यापुरतेही पैसे नव्हते. घोडा विकावा लागला होता. युक्लायडीस नावाच्या ओळखीच्या ज्योतिषाचा आधी यावर विश्वास बसेना. मग बळीच्या जनावराची आतडी पाहून तो म्हणाला, झ्यूस मेलिखिओस तुझ्या आड येतो आहे. घर सोडल्यापासून त्याला काही दिलेस का? झेनोफनने वाटेत झ्यूस बॅसिलेउसला, म्हणजे राजा झ्यूसला, बळी दिले होते. मेलिखिओसला मात्र काहीच नाही. दुसऱ्या दिवशी त्याने घरच्या रीतीप्रमाणे डुकराची पिले अखंड जाळून अर्पण केली. त्याच दिवशी सैन्यासाठी पैसे घेऊन माणसे आली, आणि पन्नास दारिकांना (इराणी सोन्याच्या नाण्यांना) विकलेला त्याचा घोडा त्यांनी सोडवून आणून दिला. एका झ्यूसची सेवा दुसऱ्याच्या खात्यात जमा होत नाही, हे या सुशिक्षित, सॉक्रेटिसच्या सहवासात वावरलेल्या माणसाला मुळीच विचित्र वाटले नाही.

आर्टेमिसचेही तसेच. कवितेतली ती रानात शिकार करणारी कुमारिका. अथेन्सजवळच्या ब्रॉरॉन येथे तिच्यासाठी लहान मुली ‘अस्वले’ होत, म्हणजे लग्नाच्या वयाआधी काही काळ देवीच्या सेवेत राहत. स्पार्टात तिच्याच, आर्टेमिस ऑर्थियाच्या, वेदीपुढे पोरांना चाबकाने फोडून काढत. आणि एफेससची आर्टेमिस, छातीवर गोलाकार लोंबत्या आकारांच्या ओळी मिरवणारी, ही तर मुळात आशियाई मातृदेवीच.

वेदी, बळी आणि मूर्ती : ग्रीक पूजेचा गाभा म्हणजे बळी, आणि तो देवळाच्या आत नव्हे तर बाहेर उघड्यावरच्या वेदीवर दिला जाई. देऊळ नसले तरी चाले, वेदी मात्र हवीच. मिरवणुकीने जनावर आणत, सातूचे दाणे टाकत, मग कापत. मांड्यांची हाडे चरबीत गुंडाळून देवासाठी जाळायची; धूर वर जाई तो देवाचा वाटा. मांस शिजवून जमलेल्या लोकांत वाटले जाई. देवाच्या पदरी हाडे आणि माणसाच्या पानात मांस, हा उफराटा न्याय ग्रीकांनाही खटकत असावा. हेसिअडने त्याची कथा दिली आहे : प्रॉमिथ्यूस या चतुर देवाने दोन वाटे मांडले, हाडे चकचकीत चरबीखाली आणि मांस ओंगळ पोटाच्या कातड्याखाली, आणि झ्यूसला निवड करायला सांगितली; झ्यूसच्या वाट्याला हाडे आली. भूमीखालच्या शक्तींना आणि मेलिखिओससारख्या देवांना मात्र पुष्कळदा सगळेच जाळून देत. तिथे पंगत नसे.

देऊळ हे मूर्तीचे घर. अथेन्समधील पार्थेनॉनमध्ये फिडिअसने घडवलेली सोन्याची व हस्तिदंताची अथीना इ.स.पू. ४३८ मध्ये प्रतिष्ठित झाली. इतिहासकार थ्युसिडिडीस सांगतो, की तिच्या अंगावर चाळीस टॅलंट (सुमारे एक टन) शुद्ध सोने होते आणि ते काढता येण्याजोगे होते. युद्धाची वेळ आलीच तर वापरा, पण नंतर परत करा, असे अथेन्सचा नेता पेरिक्लीस याने नागरिकांना सांगितले होते. जगाला माहीत आहे ती ही अथीना. पण नगराची खरी देवी होती तिच्या शेजारची अथीना पोलिआस, ऑलिव्हच्या लाकडाची, आकाशातून पडली असे मानली गेलेली जुनाट मूर्ती. पॅनअथीनिया उत्सवात स्त्रियांनी विणलेले वस्त्र नेसवत ते तिला. वर्षातून एकदा, प्लिंटेरिया या दिवशी, तिचे कपडे-दागिने उतरवून तिला झाकून ठेवत आणि स्वच्छता करत. तो दिवस इतका अशुभ, की कोणी महत्त्वाचे काम हाती घेत नसे. हद्दपारीनंतर सेनापती अल्किबायडीस अथेन्सला परतला तो नेमका त्याच दिवशी, आणि हे आपल्याला किंवा नगराला बाधेल अशी कुजबुज झाली.

कौल आणि नवस : डेल्फी येथे अपोलोची पुजारीण पिथिया राजांना आणि नगरांना कौल देई, हे प्रसिद्ध आहे. माझ्या मते त्याहून बोलके आहेत ते वायव्य ग्रीसमधील डोडोना येथे सापडलेले शिशाचे पत्रे. तिथे झ्यूस व त्याची जोडीदार डायोनी यांना सामान्य माणसे प्रश्न लिहून विचारत. लायसानियास नावाचा एक जण विचारतो, अ‍ॅनिलाच्या पोटातले मूल माझे आहे ना? एकाला हरवलेली पांघरुणे आणि उशा बाहेरच्याने चोरल्या का, हे हवे आहे. ट्रॉयचे युद्ध घडवणारा झ्यूस इथे उशांचा तपास करतो! एपिडॉरस येथे आजारी लोक आरोग्यदेव अ‍ॅस्क्लेपिअसच्या देवळाच्या आवारात झोपत; स्वप्नात देव उपाय सांगे किंवा तिथेच बरे करी. बरे झालेले लोक हात, पाय, डोळे, कान यांच्या मातीच्या वा दगडाच्या प्रतिकृती वाहून नवस फेडत. अथेन्सपासून साधारण वीस किलोमीटरवरच्या एल्युसिस येथे डेमेटर आणि तिची मुलगी पर्सेफनी यांच्या गुप्त दीक्षा होत्या. ग्रीक भाषा समजणारा कोणीही, स्त्री असो वा गुलाम, तिथे जाऊ शके. आत काय दाखवत ते इतक्या शतकांत दीक्षा घेतलेल्या कोणी उघड लिहिले नाही.

नवे देव, नवे प्रश्न : दैवतमंडळ बंद नव्हते. मॅरेथॉनच्या लढाईआधी (इ.स.पू. ४९०) स्पार्टाकडे धावत निघालेल्या फिलिपिडीस या अथेन्सच्या जासुदाला डोंगरात गुराख्यांचा देव पॅन भेटला आणि अथेन्सवाले मला का विसरतात, असे त्याने विचारले, अथेन्सने अक्रोपोलिस या नगरातल्या टेकडीच्या पायथ्याची गुहा त्याला दिली. इ.स.पू. ४२० मध्ये अ‍ॅस्क्लेपिअस आला. ग्रीसच्या उत्तरेकडील थ्रेसची बेंडिस ही देवी पिरीअस बंदरात आली आणि घोड्यावरून मशालींची शर्यत सोबत घेऊन आली. मात्र नवा देव नगराच्या संमतीने यायला हवा. सॉक्रेटिसवर इ.स.पू. ३९९ मध्ये जे आरोप झाले त्यांत नगराचे देव न मानणे आणि नवी दैवते आणणे, हे दोन होते.

चिकित्साही जुनीच. इ.स.पू. सहाव्या शतकातला तत्त्वज्ञ कवी झेनोफनीस म्हणे, की इथिओपियन लोकांचे देव काळे आणि नकटे, थ्रेसच्या लोकांचे निळ्या डोळ्यांचे. बैलांना हात असते तर त्यांनी बैलांसारखे देव काढले असते. गंमत म्हणजे अशा टीकेने वेद्या ओस पडल्या नाहीत. टीका कथांवर होती, आणि वेदी कथांवर उभी नव्हतीच.

अस्त : ख्रिस्ती सम्राट पहिला थिओडोशियस याने इ.स. ३९१-९२ मध्ये बळी देण्यावर आणि देवळांत जाण्यावर बंदी घातली. काही वर्षांतच एल्युसिसचे मंदिर गॉथ या जर्मानिक टोळ्यांच्या स्वारीत उद्ध्वस्त झाले. पुढे पार्थेनॉनचे चर्च झाले. दक्षिण ग्रीसच्या माणी द्वीपकल्पात मात्र जुने देव पूजणारे लोक नवव्या शतकापर्यंत होते, असे एका बायझंटाइन सम्राटानेच नोंदवले आहे.

भारतातील पाऊलखुणा : चंद्रगुप्त मौर्याच्या दरबारी आलेला ग्रीक राजदूत मेगॅस्थनीस याने भारतीय देवांना डायोनायसस आणि हेराक्लीस ही ग्रीक नावे दिली. वायव्य भारतातील ग्रीक राजा मिनँडरच्या नाण्यांवर वज्र उगारलेली अथीना आहे. तसाच दुसरा राजा अ‍ॅगाथोक्लीसच्या नाण्यांवर मात्र वासुदेव आणि संकर्षण आले. तक्षशिलेहून विदिशेला आलेला ग्रीक राजदूत हेलिओडोरस याने इ.स.पू. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस वासुदेवासाठी गरुडस्तंभ उभारला आणि स्वतःला भागवत म्हणवले. महाराष्ट्रात कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४०च्या दशकात पोसायडनची एक लहान कांस्यमूर्ती मिळाली. ती रोमन व्यापाराबरोबर आलेली असून कोल्हापूरच्या संग्रहालयात आहे. कार्ले आणि जुन्नर येथील लेण्यांत ‘यवन’ म्हणवणाऱ्या दात्यांचे लेख आहेत, पण त्यांची दाने बौद्ध लेण्यांना दिलेली आहेत आणि त्यांत एकाही ग्रीक देवाचे नाव येत नाही.