प्रॉपेलर सगळ्यात शेवटी: घरी बांधलेल्या ड्रोनची टेबलावरची तपासणी

चार सेलची, १५०० मिलिअँपिअर-अवरची लिथियम पॉलिमर बॅटरी तळहातावर मावते, पण तिच्यात सुमारे ८० किलोजूल ऊर्जा असते. शिवाय ती ऊर्जा सोडायला बॅटरी अजिबात का-कू करत नाही. अंतर्गत रोध जेमतेम काही मिलिओहम, त्यामुळे कुठे प्लस-मायनस भिडले तर क्षणात शंभराहून जास्त अँपिअर वाहतात. ‘जोडून तर बघू’ हा प्रयोग अशा बॅटरीवर एकदाच करता येतो.

तपासणीचा क्रम यातूनच ठरतो. पहिल्या टप्प्यात वीज द्यायचीच नाही. दुसऱ्यात यूएसबीची, म्हणजे अर्ध्या अँपिअरच्या आसपास. तिसऱ्यात बॅटरी, पण मध्ये एक बल्ब घालून. थेट बॅटरी चौथ्या टप्प्यात, आणि प्रॉपेलर यांपैकी कशातच नाहीत. जोडणीत एखादी चूक राहतेच. ती मीटरच्या आकड्यात दिसावी, जळक्या वासावरून कळू नये, एवढ्यासाठी हा खटाटोप.

पुढचे आकडे पाच इंची प्रॉपेलरच्या, चार सेलवर चालणाऱ्या, चारही मोटरांची ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारी सर्किट) एकाच बोर्डावर असलेल्या क्वाडचे, म्हणजे चार मोटरांच्या ड्रोनचे, आहेत. मोठ्या यंत्राला पद्धत हीच, आकडे तेवढे बदलतात.

आधी फक्त मल्टिमीटर

मीटर कंटिन्युइटीवर (जोड असेल तर बीप वाजवणाऱ्या मोडवर) ठेवून प्रोब ड्रोनला बॅटरी जोडायच्या एक्सटी-६० कनेक्टरच्या दोन पिनांना लावा. क्षणभर बीप वाजून बंद झाली तर घाबरू नका. बोर्डावरचे कपॅसिटर रिकामे असतात, भरताना ते मीटरला शॉर्टसारखेच दिसतात. मग मीटर ओहमवर घ्या. आकडा हळूहळू चढत गेला तर ठीक. शून्याजवळ चिकटून राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे, आणि तो बहुतेक वेळा दोन पॅडच्या मध्ये ओघळलेल्या सोल्डरचा किंवा तारेच्या सुटलेल्या एका केसाचा असतो. भिंगाखाली बघितल्याशिवाय हा केस दिसत नाही.

एक चूक मीटर सहसा पकडत नाही: उलटा लावलेला इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर. बॅटरीच्या पॅडवर लावायच्या ३५ व्होल्ट, १००० मायक्रोफॅरडच्या डबीवर जिकडे फिकट पट्टा असतो तो पाय मायनस. हे डोळ्यांनीच तपासायचं. उलटा लागला तर तो तापून फुटतो, आणि त्याचं तोंड नेमकं बघणाऱ्याच्या चेहऱ्याकडे असतं.

आता ईएससी. प्रत्येक मोटरला तीन फेज (तीन तारा), चार मोटरांचे मिळून बारा पॅड. मीटर डायोड मोडवर घ्या, लाल प्रोब बॅटरीच्या मायनसवर, काळा एकेका फेजच्या पॅडवर. मॉसफेटच्या (मोटरची वीज चालू-बंद करणाऱ्या ट्रान्झिस्टरच्या) आत एक अंगभूत डायोड असतो, त्याचं वाचन ०.४ ते ०.६ व्होल्टच्या दरम्यान कुठेतरी येतं. नेमका आकडा महत्त्वाचा नाही, बाराही आकडे सारखे हवेत. मग काळा प्रोब प्लसवर आणि लाल फेजवर ठेवून वरच्या बाजूचे मॉसफेटही तसेच बघा. एखाद्या पॅडवर ०.०० आलं तर तो मॉसफेट आरपार गेलेला आहे. ही तपासणी मोटरच्या तारा जोडण्याआधी करायची, कारण मोटर जोडली की तिच्या वाइंडिंगमधून तिन्ही फेज एक होतात. मग दोष कोणत्या मोटरच्या ईएससीत आहे एवढंच कळतं, फेज कळत नाही.

मोटर बसवल्यावर प्रत्येक मोटरची एक फेज आणि तिला धरून ठेवणारा स्क्रू यांच्यात कंटिन्युइटी बघा. बीप वाजता कामा नये. आर्म (मोटर जिच्यावर बसते ती फ्रेमची भुजा) ५ मिलिमीटर जाड असेल तर ८ मिलिमीटरचा स्क्रू मोटरमध्ये ३ मिलिमीटर शिरतो. त्याच जागी हाताला लागला म्हणून १० मिलिमीटरचा लावला की तो वाइंडिंगला भिडू शकतो आणि तांब्यावरचं इनॅमल खरवडतो. पुढची गंमत कार्बन फायबरची. ते वीज वाहून नेतं. एकच वाइंडिंग फ्रेमला टेकलं असेल तर काहीच होत नाही, कारण परिपथ पूर्ण होत नाही. मग कधीतरी दुसरी मोटर टेकते, किंवा कॅमेऱ्याचा मायनसला जोडलेला धातूचा भाग फ्रेमला लागतो, आणि दहा उड्डाणं नीट केलेला ड्रोन अकराव्याला विनाकारण ईएससी जाळतो. कारण होतं, पण ते पहिल्या दिवसापासून बसलेलं होतं.

यूएसबीवर मेंदूची परीक्षा

फ्लाइट कंट्रोलर, म्हणजे ड्रोनचा मेंदू असलेला बोर्ड, संगणकाला जोडा. बोर्ड ओळखलाच गेला नाही तर सगळ्यात आधी केबल बदला. नुसतं चार्जिंग करणाऱ्या, डेटाच्या तारा नसलेल्या केबलमुळे चांगले बोर्ड टाकून दिले जातात.

कॉन्फिगरेटरमध्ये (बोर्डाच्या सेटिंगसाठीच्या संगणकावरच्या प्रोग्राममध्ये) ड्रोनचं त्रिमितीय चित्र दिसतं. प्रत्यक्ष ड्रोनचं नाक खाली करा, चित्राचं नाक खाली गेलं पाहिजे. उजवीकडे कलवा, उजवीकडे कललं पाहिजे. सपाट टेबलावर वळवा, त्याच दिशेने वळलं पाहिजे. बोर्ड ९० अंशांत फिरवून बसवला असेल आणि सेटिंगमध्ये सांगितलं नसेल तर चित्र इथेच चुगली करतं. हे दुर्लक्षिलं तर कंट्रोलर पडण्याच्या दिशेलाच जोर लावतो आणि ड्रोन जमीन सोडताक्षणी उलटा होतो. नवख्यांचे ‘उडालाच नाही, नुसता पालथा पडला’ या जातीचे बहुतेक अपघात इथले, नाहीतर मोटरांच्या क्रमातले.

रिसीव्हरला यूएसबीवरून वीज मिळत असेल तर तोही आत्ताच तपासा. चॅनेल हलत नसतील तर टीएक्स-आरएक्सच्या (सिग्नल पाठवण्याच्या आणि घेण्याच्या) तारा बघा. रिसीव्हरचा टीएक्स कंट्रोलरच्या आरएक्सला जातो, टीएक्स टीएक्सला नाही. रिमोटच्या काड्या मध्यावर असताना आकडा १५०० च्या अगदी जवळ हवा, टोकं १००० आणि २००० च्या आसपास. थ्रॉटल पूर्ण खाली असताना आकडा १०८० वर अडकला तर बीटाफ्लाइट (कंट्रोलरमधलं फर्मवेअर) मोटर आर्म, म्हणजे उड्डाणासाठी सुरू, करू देत नाही, कारण त्याची मूळ मर्यादा १०५० आहे. दोष बोर्डात नसतो, ट्रान्समीटरच्या (रिमोटच्या) एंडपॉइंटमध्ये, म्हणजे काडीच्या टोकाला ठरवलेल्या आकड्यात, असतो.

बल्बमधून आलेली वीज

गाडीच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट, २१ वॉटचा बल्ब घ्या आणि बॅटरीच्या प्लस तारेत मालिकेत जोडा. यासारखी स्वस्त आणि हुशार वस्तू इलेक्ट्रॉनिक्समध्ये दुसरी नाही. फिलामेंट थंड असताना त्याचा रोध अर्ध्या-पाऊण ओहमच्या घरात असतो, तापून पांढरं झालं की सात ओहमच्या आसपास जातो. म्हणजे ड्रोन थोडाच करंट घेत असेल तर बल्ब जवळजवळ वाटेत नसतोच. शॉर्ट असेल तर तोच बल्ब तापतो, स्वतःचा रोध वाढवतो आणि शंभर अँपिअरचं गणित दोन-सव्वादोन अँपिअरवर आणून ठेवतो. फ्यूज जळून मोकळा होतो, बल्ब मात्र सांगतोही आणि टिकतोही.

जोडताक्षणी बल्ब एकदा लुकलुकतो आणि विझतो, ते कपॅसिटर भरण्याचं लक्षण. व्हिडिओ ट्रान्समीटर चालू असेल तर मंद लालसर राहतो, तेही चालतं. लख्ख पेटून राहिला तर लगेच काढा: पूर्ण भरलेल्या चार सेलचे १६.८ व्होल्ट त्याला फार वेळ झेपत नाहीत, आणि काच हात भाजेल इतकी तापते. सहा सेलला असे दोन बल्ब मालिकेत लावतात. करंटला मर्यादा घालता येणारा बेंच सप्लाय असेल तर बल्बाऐवजी तो १ अँपिअरवर लावून वापरा, नेमका आकडाही मिळतो.

बल्ब शांत असेल तर मीटर घेऊन बोर्डवरचे व्होल्टेज मोजा. ५ व्होल्टच्या पॅडवर ४.९ ते ५.२ दरम्यान काहीतरी, ३.३ च्या पॅडवर ३.३ च्या जवळ. ५ च्या जागी १६ दिसले तर रेग्युलेटर आरपार गेला आहे किंवा चुकीच्या पॅडवर तार आली आहे. आधी हे मोजा आणि मगच जीपीएस, कॅमेरा वगैरे जोडा, एका चुकीत सगळे सोबत जायला नकोत. व्हिडिओ ट्रान्समीटर अँटेनाशिवाय चालू करू नका, बाहेर न जाणारी शक्ती त्याच्याच अँप्लिफायरमध्ये उष्णता होऊन परतते. टेबलावर वारा नसल्यामुळे अँटेना असूनही तो तापतो, म्हणून एक छोटा पंखा समोर ठेवा.

बल्ब असताना मोटर फिरवायचा मोह टाळा. मोटर उठताना व्होल्टेज बल्बावरच पडतं, कंट्रोलर रीसेट होतो आणि नसलेला दोष शोधण्यात संध्याकाळ जाते.

मोटर फिरवताना

आता बल्ब काढून थेट बॅटरी. प्रॉपेलर काढलेले आहेत ना, हे डोळ्यांनी बघून मगच. २४०० केव्हीची (किलोव्होल्ट नव्हे, दर व्होल्टला मिनिटाला २४०० फेरे) मोटर १६ व्होल्टवर विनाभार मिनिटाला ३८ हजारांच्या आसपास फेरे घ्यायला निघते. त्या वेगाला पातं बोटाशी कसं वागतं हे सांगायची गरज नाही.

बीएलहेली जातीच्या ईएससी वीज मिळाल्यावर तीन चढते सूर वाजवतात, ते ईएससी जिवंत असल्याची खूण. त्यानंतर एक खालचा आणि एक वरचा सूर येतो, म्हणजे थ्रॉटलचा सिग्नल ओळखला आणि तो शून्यावर आहे. पहिले तीनच वाजून शांतता पसरली तर दोष कंट्रोलर आणि ईएससी यांच्यामधल्या सिग्नलच्या तारेत किंवा प्रोटोकॉलच्या सेटिंगमध्ये शोधा.

कॉन्फिगरेटरच्या मोटर टॅबमधून एकेक मोटर सावकाश उठवा, पाच-सात टक्क्यांवर. बीटाफ्लाइटमध्ये १ क्रमांकाची मोटर मागे उजवीकडे, २ पुढे उजवीकडे, ३ मागे डावीकडे, ४ पुढे डावीकडे. आर्डूपायलट या दुसऱ्या फर्मवेअरच्या एक्स रचनेत १ पुढे उजवीकडे, २ मागे डावीकडे, ३ पुढे डावीकडे, ४ मागे उजवीकडे. एका फर्मवेअरची आकृती बघून दुसऱ्याची जोडणी करणं ही फार जुनी चूक आहे. दिशा बघायला कागदाची बारीक पट्टी मोटरच्या फिरणाऱ्या बेलला (बाहेरच्या टोपीला) हलकेच टेकवा, पट्टी ज्या बाजूला ओढली जाईल ती दिशा. उलटी निघाली तर ईएससीच्या सेटिंगमध्ये बदला, किंवा तीनपैकी कोणत्याही दोन तारांची अदलाबदल करा.

मोटर फिरण्याऐवजी जागच्या जागी थरथरत असेल तर एक फेज तुटलेली आहे, बहुतेक वेळा कोरड्या सोल्डरमुळे. त्या अवस्थेत थ्रॉटल वाढवू नका, उरलेल्या दोन फेज आणि त्यांचे मॉसफेट तापत राहतात. चारही मोटरांचे फेरे एकाच थ्रॉटलवर ताडून बघा, दुतर्फी डीशॉट (ईएससीकडून फेऱ्यांचा आकडा परत आणणारा प्रोटोकॉल) चालू असेल तर आकडे समोरच दिसतात. एखादी बरीच मागे पडत असेल तर बेअरिंग किंवा वाइंडिंग. मात्र सेटिंगमध्ये मोटरच्या चुंबकांची संख्या बरोबर भरा: १४ ऐवजी १२ लिहिले तर फेरे सुमारे १७ टक्के जास्त दिसतात आणि त्या आकड्यावर चालणारे कंपनांचे फिल्टर चुकीच्या जागी बसतात.

एका गोष्टीने मात्र बरेच जण घाबरतात. प्रॉपेलर नसताना रिमोटवरून आर्म करून थ्रॉटल थोडा दिला, तर एक-दोन मोटर आपोआप वेग वाढवत जातात, काडी खाली आणली तरी कधीकधी कमी होत नाहीत. हा दोष नाही. कंट्रोलरला किंचित कल दिसतो, तो एका मोटरला जोर लावतो. पाती नसल्यामुळे काहीच बदलत नाही, म्हणून तो आणखी जोर लावतो, आणि पीआयडीतला (तोल सावरणाऱ्या गणितातला) इंटिग्रल भाग ही थकबाकी साठवत राहतो. म्हणूनच मोटरची तपासणी मोटर टॅबमधून करायची, तिथे हा हिशेब चालत नाही.

बॅटरी जोडलेली असतानाच कंट्रोलर दाखवतो ते व्होल्टेज मीटरशी ताडून स्केल जुळवून घ्या. अर्ध्या व्होल्टचा फरक म्हणजे सेलमागे ०.१२, आणि बॅटरी संपत आली की एवढ्यात सगळा खेळ उलटतो.

टेबलाला न दिसणारं

एक्सटी-६० च्या एका जोडात ५ मिलिओहमचा रोध राहिला असं समजा. टेबलावर २ अँपिअरला तिथे फक्त २० मिलिवॉट उष्णता होते, बोटालाही कळत नाही. हवेत ६० अँपिअरला तोच जोड १८ वॉट तापतो, म्हणजे छोट्या सोल्डरिंग आयर्नएवढा. ६३-३७ (कथील-शिसं) सोल्डर १८३ अंश सेल्सिअसला वितळतं, तेव्हा पुढे काय होणार हे ओघानेच आलं. हे पकडायचं असेल तर वायर ईएससीला लावण्याआधी बेंच सप्लायमधून त्या जोडातून ५ अँपिअर वाहू द्या आणि मीटर मिलिव्होल्टवर ठेवून जोडाच्या दोन्ही बाजूंना प्रोब टेकवा. ५ मिलिओहम असेल तर २५ मिलिव्होल्ट दिसतील, चांगल्या जोडावर दोन-तीनच्या पुढे जात नाहीत.

होकायंत्राचंही तसंच. एका सरळ तारेतून २० अँपिअर वाहत असताना ५ सेंटिमीटरवर सुमारे ८० मायक्रोटेस्लाचं क्षेत्र तयार होतं, आणि पृथ्वीचं स्वतःचं क्षेत्र जागेनुसार २५ ते ६५. विनाप्रॉपेलर मोटर फारसा करंट घेत नाहीत, त्यामुळे टेबलावर दिशा अगदी स्थिर दिसते. प्लस आणि मायनसच्या तारा एकमेकींना पीळ देऊन न्या, दोन्हींची क्षेत्रं बरीचशी एकमेकांना खाऊन टाकतात, आणि जीपीएस-होकायंत्राचं मॉड्यूल दांडीवर उंच बसवा.

शेवटची चाचणी फेलसेफची (रिमोटचा सिग्नल तुटला तर ड्रोनने काय करायचं याची). त्याची कृती ‘मोटर बंद’ अशी ठेवा, आर्म करा, मोटर अगदी मंद फिरत असताना ट्रान्समीटर बंद करा. दोन-तीन सेकंदांत सगळ्या मोटर थांबल्या पाहिजेत. थांबल्या नाहीत तर रिसीव्हर सिग्नल तुटल्यावर शेवटचेच आकडे पाठवत बसला आहे, आणि कंट्रोलरला काही बिघडल्याचं कळतच नाही. रिसीव्हरच्या सेटिंगमध्ये ‘सिग्नल गेला की गप्प’ हा पर्याय निवडून चाचणी पुन्हा करा. मोटर थांबल्या की बॅटरी काढा आणि मग प्रॉपेलर हातात घ्या.