सेसेओ आणि थ़ेथ़ेओ : दोन उच्चार आणि त्यांची मराठी नावे

स्पॅनिशमध्ये घराला ‘कासा’ म्हणतात आणि शिकारीला ‘काथ़ा’. पहिला शब्द ‘एस’ने लिहितात, दुसरा ‘झेड’ने, आणि माद्रिदच्या माणसाच्या तोंडी दोन्ही स्पष्टपणे वेगळे ऐकू येतात. येथील ‘थ़’ हा आपला ‘थ’ नव्हे. जिभेचे टोक वरच्या व खालच्या दातांच्या मध्ये ठेवून हवा घासत सोडली की इंग्रजी ‘थिंक’मधला जो ध्वनी होतो, तो हा. त्याखाली नुक्ता दिला आहे तो त्यासाठीच.

हा भेद जेथे मिटला तेथे दोन वाटा दिसतात. मेक्सिको, पेरू, अर्जेंटिना, कॅनरी बेटे आणि सेव्हिल शहर येथे दोन्ही शब्द ‘कासा’ असेच उच्चारले जातात, हा सेसेओ. दक्षिण स्पेनच्या आंदालुसियातील कादिस प्रांताचा मोठा भाग आणि मालागाचा काही भाग येथे दोन्ही ‘काथ़ा’च्या जवळ जातात, हा थ़ेथ़ेओ. म्हणजे ‘थ़’ कानावर पडला की तो थ़ेथ़ेओ, ही सर्रास आढळणारी समजूत चुकीची आहे. माद्रिदचा माणूस ‘थ़’ त्याच्या जागी आणि ‘स’ त्याच्या जागी उच्चारतो, त्यामुळे त्याच्याकडे दोन्हींपैकी काहीच नाही. कादिसच्या त्या भागातला माणूस मात्र ‘स’च्या जागीही ‘थ़’ आणतो. सेसेओ आणि थ़ेथ़ेओ या दोन्हींत दोन ध्वनींचा एक होतो, फक्त उरणारा ध्वनी वेगळा असतो.

गोंधळात भर घालतात ती ही नावेच. सेव्हिलचा किंवा लिमाचा माणूस ही दोन्ही नावे स्वतःच्या उच्चाराने घेतो तेव्हा दोन्ही वेळा ‘सेसेओ’च ऐकू येते, आणि कोणते म्हणायचे आहे हे लिहून दाखवावे लागते. अर्थाची अडचण मात्र बोलणाऱ्यांनी केव्हाच सोडवली आहे: लॅटिन अमेरिकेत शिकारीला ‘कासेरिया’ आणि शिजवण्याला ‘कोसिनार’ म्हणण्याकडे कल असतो, म्हणजे घर व शिकार, किंवा शिवणे व शिजवणे (सेसेओत एरवी दोन्ही ‘कोसेर’), यांची गल्लत होत नाही.

एका बोबड्या राजाची नक्कल दरबाऱ्यांनी केली आणि त्यातून स्पेनमध्ये ‘थ़’ आला, ही कथा टिकत नाही, कारण तसे झाले असते तर ‘स’ही उरला नसता. खरा इतिहास मराठी कानाला सहज समजण्यासारखा आहे. मध्ययुगीन कास्तिलीमध्ये, म्हणजे जुन्या स्पॅनिशमध्ये, ‘चांगला’मधल्या ‘च’सारखा आणि ‘जाड’मधल्या ‘ज’सारखा असे दोन ध्वनी होते. पुढे त्यांतला स्पर्श गळून केवळ घर्षण उरले आणि ते ‘स’च्या फार जवळ आले, तेव्हा उत्तरेत जीभ पुढे सरकून ‘थ़’ झाला, तर दक्षिणेत ते आणि ‘स’ एकमेकांत मिसळले. 1503 मध्ये अमेरिकेशी होणाऱ्या व्यापाराचे कार्यालय सेव्हिलला स्थापन झाले, सुरुवातीच्या स्थलांतरितांत आंदालुसियाचे लोक मोठ्या संख्येने होते, आणि सेसेओ समुद्रापार गेला तो त्यांच्याबरोबर.

मराठीत लिहिताना मी ‘सकार-ऐक्य’, ‘थ़कार-ऐक्य’ आणि माद्रिदच्या उच्चारासाठी ‘स-थ़ भेद’ असे शब्द सुचवेन. पहिल्या उल्लेखाच्या वेळी मूळ नाव शेजारी द्यावे. थ़ेथ़ेओचे भाषांतर ‘बोबडेपणा’ असे करणे मला अन्यायाचे वाटते. ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणणाऱ्या आपल्याच बोलींना जी हेटाळणी सोसावी लागते, तीच कादिसच्या खेड्यांतील लोकांच्या वाट्याला आली आहे, आणि सेव्हिल शहरातील सेसेओला मिळणारी प्रतिष्ठा त्यांना नाही. अर्थात स्पॅनिशमध्ये ‘थ़ेथ़ेओ’ हाच शब्द वाचादोषासाठीही वापरतात. म्हणून एखाद्या लहान मुलाच्या वाचोपचाराच्या अहवालात तो आला, तर तेथे ‘बोबडे बोलणे’ हाच अनुवाद योग्य ठरतो.