वजन-पठार (उद्दिष्टाजवळचे)

वजन-पठार : वजन उतरवण्याचा प्रयत्न नेटाने चालू असूनही काटा आठवडेच्या आठवडे एकाच आकड्याभोवती घुटमळत राहण्याची अवस्था. बोलताना ‘वजन अडलंय’, ‘काटा हलत नाही’ किंवा सरळ ‘प्लॅटो आलाय’ असे म्हणतात. ती वजनघटीच्या कुठल्याही टप्प्यावर येऊ शकते. पण ठरवलेल्या वजनाला तीन-चार किलो उरले असताना जवळजवळ हमखास येते आणि तेव्हाच ती सर्वांत चिवट असते. प्रस्तुत नोंद मुख्यतः त्या शेवटच्या पठाराविषयी आहे. काटा किती काळ थांबला म्हणजे पठार म्हणावे, याबद्दल एकमत नाही. व्यवहारात चार आठवड्यांची सरासरी जागची हलली नाही, तर पठार धरावे. आठ-दहा दिवसांच्या खोळंब्याला हे नाव देऊ नये.

शेवटच्या किलोंचे गणित : उदाहरणासाठी ४२ वर्षांची, १५८ सेंमी. उंचीची, बैठे काम करणारी स्त्री घेऊ. सुरुवातीचे वजन ७२ किग्रॅ., आजचे ६१, गाठायचे ५७. आहारतज्ज्ञांच्या नित्य वापरातल्या मिफ्लिन–सेंट जिओर सूत्राने (१९९०) तिचा विश्रांत अवस्थेतील ऊर्जाव्यय काढला आणि हालचालीसाठी त्याला १·४ ने गुणले, तर ७२ किलोला तिचा रोजचा खर्च सुमारे १,८७० कॅलरी येतो. रोज १,५०० कॅलरी खाल्ल्या, तर तूट ३७० ची. ६१ किलोला मात्र खर्च १,७१५ वर आलेला असतो. म्हणजे खाणे काटेकोर तेवढेच ठेवले तरी तूट २१५ च्या आसपासच उरते. शरीराने आणखी पन्नासेक कॅलरींची काटकसर केली (तिचे कारण पुढे येईल), की हाती राहतात १६५. एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी धरल्या, तर या तुटीने आठवड्याला जेमतेम १५० ग्रॅम वजन उतरेल.

एक मूठ, म्हणजे ३० ग्रॅम, शेंगदाण्यांत १७० कॅलरी असतात.

सुरुवातीला हीच मूठ तोंडात टाकली तरी वजन उतरतच होते, कारण तूट मोठी होती. आता तीच मूठ सगळी तूट गिळून टाकते. ‘आधी याच खाण्यावर उतरत होतं, मग आता काय झालं?’ या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा एवढेच असते. न्यूयॉर्कचे डॉक्टर मॅक्स विश्नॉफ्स्की यांनी १९५८ मध्ये मांडलेला हिशोब, म्हणजे एका पौंडाला ३,५०० कॅलरी, आजही जिमच्या भिंतींवर दिसतो. हिशोब चूक नाही. रोजची तूट कायम तेवढीच राहील असे गृहीत धरून त्याने महिन्यांचे भाकीत करणे चूक आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील केव्हिन हॉल आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये मांडलेल्या गणिती प्रतिमानानुसार आहारात कायमचा बदल केला, तर त्यातून व्हायच्या वजनबदलाचा निम्मा भाग पहिल्या वर्षात आणि जवळजवळ सगळा तीन वर्षांत होतो. घसरगुंडी तळाशी सपाट होत जाते, तसा हा आलेख असतो.

पाण्याची गल्लत : आठवड्याला १५० ग्रॅम उतरणारे वजन मोजायचे कसे, ही खरी पंचाईत आहे. निरोगी माणसाचे वजन रोज किलो-दीड किलोने खालीवर होते, आणि तो चढउतार मुख्यतः पाण्याचा आणि आतड्यातल्या अन्नाचा असतो. यकृत-स्नायूंत साठणाऱ्या ग्लायकोजेनच्या (शरीरातल्या साखरेच्या साठ्याच्या) प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधले जाते. म्हणूनच आहार सुरू केल्यावर पहिल्या आठवड्यात दोन किलो उतरतात आणि लग्नाची एक पंगत झाली की दुसऱ्या दिवशी किलोभर परत येतात. पापड-लोणच्याचे मीठ, रात्रीची मिसळ, बद्धकोष्ठता, जागरण, नव्याने सुरू केलेल्या व्यायामाने दुखावलेले स्नायू, पाळीच्या आधीचे दिवस या सगळ्यांनी पाणी धरले जाते. उतरलेली चरबी या पाण्याखाली महिनाभरसुद्धा झाकलेली राहू शकते. मग एके दिवशी सकाळी काटा एकदम किलोने खाली येतो आणि आदल्या रात्री प्यायलेल्या जिऱ्याच्या पाण्याला त्याचे श्रेय मिळते.

यावर उपाय साधा, पण कंटाळवाणा आहे. रोज सकाळी शौचानंतर, काही खाण्यापिण्याआधी, त्याच काट्यावर, त्याच फरशीवर वजन करावे. आकडा लिहून ठेवावा आणि विसरावा. रविवारी सात आकड्यांची सरासरी काढून फक्त सरासऱ्यांची तुलना करावी. पाळी येणाऱ्या स्त्रियांनी तुलना मागच्या आठवड्याशी न करता मागच्या चक्रातल्या त्याच आठवड्याशी करावी. सोबत बेंबीच्या पातळीवर टेप लावून कंबर मोजावी. काटा थांबलेला आणि सलवारीची नाडी मात्र दोन बोटे जास्त ओढली जाते आहे, असे असेल तर पठार नाहीच. रोजच्या आकड्याने ज्यांचे मन खट्टू होते, त्यांनी हा उद्योग न केलेला बरा. त्यांना टेप पुरे.

नोंदीत न येणारे खाणे : पठार खरे आहे असे ठरल्यावर पहिला संशय चयापचयावर घेण्याची रीत आहे. पुरावा दुसरीकडे बोट दाखवतो. न्यूयॉर्कमध्ये ‘काही केल्या वजन उतरत नाही’ अशी तक्रार असलेल्या दहा जणांची तपासणी झाली आणि तिचा अहवाल १९९२ मध्ये प्रसिद्ध झाला. समस्थानिकांनी (त्याच मूलद्रव्याच्या वेगळ्या वजनाच्या अणूंनी) चिन्हांकित केलेले पाणी पाजून त्यांचा खरा ऊर्जाव्यय मोजला. चयापचय ठीक निघाला. मात्र त्यांनी आपले खाणे सरासरी ४७ टक्क्यांनी कमी आणि हालचाल ५१ टक्क्यांनी जास्त सांगितली होती. हा खोटेपणा नव्हे. ताटातले आठवते, कढईतले आठवत नाही.

मराठी घरात या विसराळूपणाची ठरलेली ठिकाणे आहेत : फोडणीची पळी, पोळीवरचे तूप, भाजीतले दाण्याचे कूट आणि ओले खोबरे, मुलांच्या डब्यात उरलेले, ‘वाया कशाला घालवायचं’ म्हणून संपवलेली शेवटची वाटी, आणि दिवसाचे चार चहा. तेलाचा हिशोब करायला ग्रॅमचा काटासुद्धा लागत नाही. चार माणसांच्या घरात महिन्याला चार लिटर तेल लागत असेल, तर माणशी एक लिटर, म्हणजे सुमारे ८,२०० कॅलरी, रोजच्या पावणेतीनशे. वर उदाहरणात घेतलेल्या स्त्रीची उरलेली तूट १६५ होती, हे इथे आठवावे. पिशवी फोडल्याची तारीख तिच्यावरच लिहून ठेवली, तर या एका खात्याचा उलगडा महिन्यात होतो. उपासाचे दिवस वेगळेच. साबुदाण्याची खिचडी, दाण्याची आमटी, बटाट्याचा कीस असा बेत रोजच्या जेवणापेक्षा हलका असतो हा समज ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ म्हणणाऱ्यांनी फार पूर्वीच निकालात काढला आहे.

आहारपद्धती कोणतीही असो, हा हिशोब चुकत नाही. डॉ. जगन्नाथ दीक्षित यांच्यामुळे महाराष्ट्रात घरोघरी पोचलेल्या दोनदाच जेवण्याच्या पद्धतीत मधले चरणे बंद होते, आणि अनेकांचे वजन सुरुवातीला उतरण्याचे ते एक सरळ कारण दिसते. पण सरावाने माणूस दोन जेवणांतही पूर्वीइतके खाऊ लागतो, आणि मग काटा थांबतो.

शरीराची काटकसर : चयापचय मंदावतो हे खोटे नाही, त्याची मात्रा फुगवून सांगितली जाते. मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी १९४४-४५ मध्ये युद्धसेवेला नकार देणाऱ्या ३६ स्वयंसेवकांवर अर्धोपासमारीचा प्रयोग केला. २४ आठवड्यांत त्यांनी सुमारे एक चतुर्थांश वजन गमावले; विश्रांत ऊर्जाव्यय ४० टक्क्यांच्या आसपास घसरला, त्यातला मोठा वाटा आकसलेल्या शरीराचाच होता. पायांवर सूज येऊन पाण्याने वजन झाकले जाण्याचा प्रकारही तिथे नोंदला गेला. पुढे रुडॉल्फ लायबेल, मायकेल रोझेनबॉम आणि ज्यूल्स हर्श यांनी १९९५ मध्ये दाखवले, की दहा टक्के वजन उतरवून टिकवणाऱ्यांचा ऊर्जाव्यय त्यांच्या नव्या देहाच्या मानानेही कमी असतो. आदल्याच वर्षी जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेने लेप्टिनचा शोध लावला होता. चरबी घटली की हे संप्रेरक घटते, मेंदू ती दुष्काळाची वर्दी समजतो, भूक वाढवतो आणि खर्चाला कात्री लावतो. ती कात्री कळूही येत नाही : माणूस जिना टाळतो, पाय हलवायचा थांबतो, फोनवर बोलताना येरझाऱ्या घालायच्या ऐवजी बसतो.

दूरचित्रवाणीवरील वजनघटीच्या एका अमेरिकन स्पर्धेतील १४ जणांचा विश्रांत ऊर्जाव्यय सहा वर्षांनीही अपेक्षेपेक्षा सुमारे ५०० कॅलरींनी कमी आढळला (२०१६). ही बातमी जगभर गाजली आणि तिने पुष्कळांना उगाच घाबरवले. तीस आठवड्यांत सरासरी ५८ किलो उतरवणाऱ्यांचे मोजमाप दहा-बारा किलोवाल्यांना लागू पडत नाही. आपल्या विषयाला जास्त जवळचा आहे तो कॅटिया मार्टिन्स आणि सहकाऱ्यांचा २०२२ मधला अभ्यास. सरासरी १६ टक्के वजन उतरवणाऱ्या, पाळी चालू असलेल्या ६५ स्त्रियांत ही जादा काटकसर सरासरी रोज पन्नास कॅलरींच्या आतच निघाली. व्यक्तीव्यक्तींत मात्र फरक मोठा होता, आणि काटकसर दहा कॅलरींनी जास्त असेल तर उद्दिष्टाला साधारण एक दिवस जास्त लागत होता. थोडक्यात, मंदावलेला चयापचय उशीर करतो. वाट बंद करत नाही.

भूक हा त्याहून मोठा प्रतिस्पर्धी आहे. कॅनाग्लिफ्लोझिन हे मधुमेहाचे औषध लघवीवाटे साखर बाहेर टाकते, आणि घेणाऱ्याला आपण कॅलरी गमावतो आहोत याची जाणीव नसते. अशा रुग्णांच्या आकडेवारीवरून हॉल यांच्या गटाने २०१६ मध्ये हिशोब मांडला : उतरलेल्या प्रत्येक किलोमागे खर्च रोज २०-३० कॅलरींनी घटतो, तर खाण्याची ओढ सुमारे १०० कॅलरींनी वाढते. अकरा किलो उतरवलेल्या माणसाच्या मनाचा दुबळेपणा मोजण्याआधी हा आकडा पाहावा. सेमाग्लुटाइड, टिर्झेपटाइड ही इंजेक्शने ही ओढच दाबतात, म्हणून त्यांचे पठार आहाराच्या मानाने उशिरा आणि खालच्या वजनाला येते; पण येते.

उपाय : पहिला उपाय म्हणजे सात ते दहा दिवस सगळे कच्चे जिन्नस तोलून लिहिणे. हे आयुष्यभर करायचे नसते, नजर सरळ करण्यापुरते करायचे. त्याने निम्मी पठारे सुटतात असे म्हणण्याचा मोह होतो. आकडा देता येत नाही, पण सुरुवात इथूनच करावी. पोळ्या आणखी कमी करण्याची घाई करू नये. १,५०० वर अडलेला माणूस १,१०० वर उतरला, तर चार दिवसांत चिडचिडतो आणि पाचव्या दिवशी फरसाणाचा डबा उघडतो.

प्रथिनांकडे या टप्प्यावर विशेष लक्ष द्यावे लागते, कारण अंगावर चरबी जितकी कमी, तितका उतरणाऱ्या वजनातला स्नायूंचा वाटा वाढतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांची सर्वसाधारण शिफारस दर किलो वजनामागे ०·८३ ग्रॅमची आहे. वजन उतरवताना १·२ ते १·६ ग्रॅम घ्यावे असे बरेच तज्ज्ञ सांगतात (मूत्रपिंडाचा विकार असल्यास डॉक्टरांना विचारूनच). ६१ किलोला हे निदान ७३ ग्रॅम झाले. वाटीभर वरणात जेमतेम सात ग्रॅम, अंड्यात सहा, शंभर ग्रॅम पनीरमध्ये अठराच्या आसपास. म्हणजे वरण-भात-भाजीच्या ताटात ७३ आपोआप जमत नाहीत, उसळ, दही, अंडी, मासळी, सोयाबीनच्या वड्या यांना मुद्दाम जागा करावी लागते. जोडीला आठवड्यातून दोन-तीनदा वजने उचलण्याचा व्यायाम. नुसते चालणे वाढवणारे पुष्कळ, पण स्नायू राखण्याचे काम चालण्याने होत नाही. चालण्याचा उपयोग वेगळा आहे : नकळत घटलेली दिवसभराची हालचाल ते भरून काढते, म्हणून पावले मोजून जुन्या आकड्यावर आणावीत.

झोपेचा परिणाम वजनापेक्षा वजनातल्या चरबीवर होतो. शिकागो विद्यापीठातील २०१० च्या एका छोट्या प्रयोगात साडेआठ तास आणि साडेपाच तास झोपेची संधी मिळाली तरी वजन सारखेच उतरले. कमी झोपेत मात्र त्यातला चरबीचा वाटा ५५ टक्क्यांनी घटला.

मुद्दाम थांबणे हाही उपाय आहे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील ‘मॅटाडोर’ चाचणीत स्थूल पुरुषांच्या एका गटाने दोन आठवडे तूट, दोन आठवडे वजन टिकवण्यापुरते खाणे असा क्रम ठेवला. तुटीचे आठवडे दोन्ही गटांना सोळाच होते, पण थांबत जाणाऱ्यांचे १४ किलो उतरले, सलग करणाऱ्यांचे ९. नंतरच्या काही चाचण्यांत हा फायदा दिसला नाही. तरीही दिवाळीचा पंधरवडा तूट न ठेवता, वजन वाढूही न देता काढणे ही चांगली तालीम ठरते. रविवारी हवे ते, हवे तितके खायचे, हा ‘चीट डे’ मात्र वेगळा प्रकार; १६५ च्या तुटीचे सहा दिवस म्हणजे ९९० कॅलरी, आणि पावभाजीवर मस्तानी घेतली की ती पुंजी संध्याकाळपर्यंत संपते.

उद्दिष्ट कोणी ठरवले : पठारावर अडकलेल्याने हा प्रश्न विचारायला हवा. कॉलेजातले वजन, लग्नातला फोटो, गोल आकडा, ही उद्दिष्टे वैद्यकीय नव्हेत. भारतीयांसाठी २००९ च्या मार्गदर्शक सूत्रांनी देहभार निर्देशांक (बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन) २३ च्या खाली, आणि कंबर पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंमी.च्या आत असावी असे धरले. उदाहरणातल्या स्त्रीचा निर्देशांक ६१ किलोला २४·४, तर ५७ ला २२·८ येतो. तेव्हा तिचे उद्दिष्ट समर्थनीय आहे. पण तिचे ७२ वरून ६१ वर येणे म्हणजे १५ टक्के घट, आणि रक्तदाब, साखर, ट्रायग्लिसराइड यांत सुधारणा पाच ते दहा टक्क्यांतच दिसू लागते. शिवाय ५७ किलोला तिचा खर्च साधारण १,६६० कॅलरी असेल : आज ती ज्याला डाएट म्हणते, त्याहून फक्त एक भाकरी जास्त, आणि तीही कायमची.

नुसता आकडा किती फसवा असतो, हे पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी स्वतःच्या शरीरावरून दाखवले. २००४ मध्ये त्यांनी आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात शेजारी शेजारी उभे राहिलेला आपला फोटो छापला. दोघांचा देहभार निर्देशांक २२·३; शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९·१ टक्के आणि याज्ञिक यांची २१·२. अशा देहयष्टीच्या माणसाला शेवटचे तीन किलो उतरवण्यापेक्षा त्याच वजनात स्नायू वाढवून कंबर कमी करणे जास्त हिताचे, आणि ते घडत असताना काटा महिनोन्‌महिने हलत नाही.

थायरॉइडची कमतरता, पीसीओएस (स्त्रियांतला बीजांडकोशाचा संप्रेरक-विकार), स्टेरॉइड, इन्सुलिन, काही मनोविकारांवरील औषधे यांनीही वजन अडते. खाणे तोलून पाहिल्यावरही तीन महिने काहीच हलले नाही, तर तपासणी करून घ्यावी. पाळी चुकणे, केस गळणे, सतत थंडी वाजणे, दिवसभर फक्त खाण्याचेच विचार घोळणे ही लक्षणे दिसली, तर पठार ओलांडण्याचा प्रयत्न तिथेच सोडून आधी खाणे वाढवावे. साठी ओलांडलेल्यांनी, निर्देशांक आधीच २३ च्या आत असल्यास, हा प्रयत्न हाती घेऊच नये; या वयात गमावलेला स्नायू परत मिळवणे फार अवघड जाते.