ड्रंक अँड ड्राईव्हच्या केसमधली पहिली पेशी (नागपूर)

दारू पिऊन गाडी चालवताना पकडलं गेलं की त्यानंतर प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर आरोपी म्हणून पहिल्यांदा उभं राहायची जी तारीख मिळते ती म्हणजे पहिली पेशी. केस मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १८५ ची असते. नागपुरात सिव्हिल लाइन्समधल्या जिल्हा न्यायालयाला लोकं न्यायमंदिर म्हणतात, पण नुसतं ऑटोवाल्याला कोर्ट सांगून निघू नका, हायकोर्टाचं खंडपीठपण सिव्हिल लाइन्समध्येच आहे. आपली केस नेमकी कोणत्या कोर्टात लागली ते समन्सवर किंवा जामिनाच्या कागदावर लिहिलेलं असतं, तेवढं आधी बघून घ्यायचं.

बहुतेक लोकं या पेशीला चालान भरायला गेल्यासारखे जातात आणि खरी गडबड इथेच होते. हेल्मेट, सिग्नल, ट्रिपल सीट याचं चालान मोबाईलवरून भरून मोकळं होता येतं कारण कायद्याच्या कलम २०० मध्ये ते तडजोडीनं मिटवायची सोय आहे, १८५ मात्र त्या यादीत नाही, त्यामुळे चौकातला हवालदार असो की ट्रॅफिक झोनचा पीआय, पैसे भरून घेऊन ही केस बंद करायचा अधिकार कोणालाच नाही. ती कोर्टातच निघते. आणि तिथे "कबूल आहे" म्हणून निघाली तर ती गुन्हा सिद्ध झाला अशीच रेकॉर्डवर राहते, हे मित्रांच्या कट्ट्यावर कोणी सांगत नाही, तिथे एकच सल्ला असतो, "काही नाही होत बे, जा, कबूल है म्हण, पैसे भर अन् ये."

पेशीच्या आधी काय काय झालेलं असतं

३१ डिसेंबर, धुळवड, तान्हा पोळा अशा दिवशी शहरभर नाकाबंदी असते, पण वर्धा रोड किंवा अमरावती रोडच्या ढाब्यावरून परत येणाऱ्याला कोणत्याही शनिवारी रात्री मशीनमध्ये फुंकायला लावतात. मर्यादा आहे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल. त्याच्या वर गेलं की गुन्हा, मग तुम्ही गाडी एकदम सरळ चालवत होता का वाकडी याला अर्थ उरत नाही. शिवाय कायद्यात चालवणं आणि चालवायचा प्रयत्न करणं दोन्ही आहे.

फुंकल्यावर मशीनमधून जी छोटी स्लिप निघते ती या पूर्ण केसचा गाभा. तिच्यावर आकडा असतो, तारीख असते, वेळ असते. वेळेकडे नीट बघा, कारण शरीर तासाला दर १०० मिलिलिटर रक्तामागे साधारण १५ मिलिग्रॅमच्या आसपास अल्कोहोल कमी करतं, म्हणजे टेस्ट कधी झाली यावर आकडा बदलतो, आणि शेवटचा घोट घेऊन पंधरा मिनिटंही झाली नसतील तर तोंडात उरलेल्या दारूमुळे मशीन जास्त दाखवू शकतं. नावाचं स्पेलिंग, गाडी नंबर, सही हे पण तपासायचं. बरेच जण ती स्लिप खिशात चुरगाळून टाकतात आणि पेशीच्या दिवशी वकिलाला दाखवायला काहीच नसतं. त्या कागदावरची शाई लवकर उडते म्हणून घरी गेल्या गेल्या मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा.

पोलिसांनी १८५ मध्ये अटक केली तर कलम २०२ प्रमाणे दोन तासांच्या आत डॉक्टरकडून तपासणी व्हावी लागते, नाही झाली तर सोडावं लागतं. म्हणून रात्रीच मेडिकलला किंवा मेयोला (नागपूरची दोन सरकारी रुग्णालयं) नेलं जातं, गरज वाटली तर रक्ताचा नमुना घेऊन प्रयोगशाळेत पाठवतात. फुंकायला किंवा रक्त द्यायला नकार दिला म्हणजे सुटलो असं नाही, सबळ कारण नसेल तर कलम २०५ खाली तो नकारच सरकारी पक्षाच्या पुराव्याला बळ देतो. गुन्हा जामीनपात्र आहे, त्यामुळे साधारणपणे बॉण्डवर सुटका होते आणि पेशीच्या तारखेला हजर राहीन असं लिहून घेतात. सुटका नाहीच झाली तर २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांसमोर उभं करावं लागतं आणि मग तीच तुमची पहिली पेशी.

लायसन्स जागेवरच जप्त होतं. त्याबदल्यात एक पोचपावती मिळते आणि इथे फार मोठा गैरसमज आहे. लोकांना वाटतं पावती आहे म्हणजे तोवर गाडी चालवता येते. बाकी काही गुन्ह्यांत तसं असतं, पण १८५ साठी कलम २०६ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीनं स्पष्ट लिहिलंय की लायसन्स परत मिळेपर्यंत या पावतीवर गाडी चालवता येणार नाही. त्यामुळे पेशीला स्वतःची बाईक घेऊन जाऊ नका, भावाला सोडायला सांगा नाहीतर ऑटोनं जा.

त्या दिवशी कोर्टात

सकाळी अकराच्या आधी पोचलेलं बरं. आधार, जामिनाचे कागद, स्लिपची झेरॉक्स, समन्स आलं असेल तर ते, आणि दंड भरायची वेळ आली तर लागतील तेवढे पैसे, एवढं जवळ ठेवा. केस नंबर माहीत असला तर ई-कोर्ट्सच्या ॲपवर आज आपली केस कोणत्या कोर्टात आहे ते आधीच दिसतं, नाही दिसलं तर कोर्ट हॉलच्या दाराजवळ त्या दिवसाच्या केसेसची यादी लावलेली असते त्यात नाव शोधायचं. आत गेल्यावर पोलिसांचा पैरवीवाला, म्हणजे कोर्टातल्या केसेसचं काम बघणारा कर्मचारी असतो, त्याला आपण आलोय हे सांगून ठेवायचं.

मग वाट बघायची, आणि ती बरीच बघावी लागते. आधी दुसऱ्या केसेस, मग जेवणाची सुट्टी, अशात दुपारचे साडेतीनही वाजू शकतात आणि या काळात चहाला गेलेल्या माणसाचा नेमका पुकारा होतो. शिपाई दाराशी येऊन नाव पुकारतो, आडनाव चुकीचंही पुकारलं जातं, तेव्हा कान तिकडेच ठेवायचा. पुकारा झाल्यावर हजर नसाल तर कोर्ट वॉरंट काढू शकतं. फोन सायलेंटवर नाही, बंदच ठेवा. आणि आदल्या रात्रीची दारू सकाळी श्वासात येत असेल तर या केसमध्ये त्याच्याइतकं वाईट दुसरं काही नाही.

नाव पुकारलं की आरोपीच्या जागी जाऊन उभं राहायचं. साहेब किंवा मॅडम नाव, वय, धंदा, पत्ता विचारतात, मग आरोप थोडक्यात आणि मराठीत सांगतात, अमुक तारखेला अमुक चौकात अमुक नंबरची गाडी मद्यप्राशन करून चालवली, आणि विचारतात, गुन्हा कबूल आहे का. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २७४ मधली ही पायरी आहे. दोन मिनिटं लागतात, कधी तेवढीही नाही. म्हणूनच त्याचं उत्तर काय द्यायचं हे पुकाऱ्याच्या आधी ठरलेलं पाहिजे, पिंजऱ्यात उभं राहून घाम पुसत ठरवायची गोष्ट नाही ती. ठरलंच नसेल तर सरळ म्हणायचं की मला वकील लावायचाय, मुदत द्या, आणि पहिल्या तारखेला अशी विनंती कोर्टाला काही नवीन नसते.

कबूल म्हटलं तर कोर्ट तिथेच दोषी ठरवून शिक्षा देऊ शकतं. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. १ सप्टेंबर २०१९ च्या आधी हाच दंड २,००० पर्यंत होता त्यामुळे जुने अनुभव सांगणाऱ्या काकांचं ऐकून दोन हजार घेऊन जाऊ नका. काही वेळा दंडासोबत "कोर्ट उठेपर्यंत" अशी शिक्षा होते, म्हणजे संध्याकाळी कामकाज संपेपर्यंत तिथेच बसून राहायचं, घरी जायला मिळतं पण कागदावर ती कैदच असते. दंड लगेच भरून पावती घ्यायची, न भरल्यास किती दिवस कैद ते आदेशातच लिहिलेलं असतं.

आणि ज्याची कोणी आठवण करून देत नाही ते लायसन्स. कलम २० प्रमाणे १८५ मध्ये दोषी ठरवलं की कोर्टानं लायसन्स कमीत कमी सहा महिन्यांसाठी अपात्र ठरवायचं असतं. ऑफिसला मेट्रोनं जाणाऱ्याला ते झेपेल, पण वाडीच्या ट्रान्सपोर्ट लाइनमधला ट्रक ड्रायव्हर, कॅबवाला, स्कूल व्हॅन चालवणारा यांच्यासाठी सहा महिने म्हणजे घरातली चूल बंद व्हायची वेळ, आणि अशाच लोकांना बाहेर कोणीतरी घाईघाईत कबूल व्हायला सांगतो याचा मनापासून राग येतो. या कालावधीत गाडी चालवताना सापडलं तर कलम १८२ लागतं, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० दंड किंवा दोन्ही. आणि पुन्हा कधी १८५ मध्ये सापडलं तर शिक्षा दोन वर्षांपर्यंत आणि दंड १५,००० होतो, कारण पहिली केस रेकॉर्डवर बसलेली असते. एकदा कबूल केल्यावर अपिलातही गुन्हा केलाच नाही असं म्हणता येत नाही, शिक्षा जास्त झाली किंवा कायद्याला धरून नाही एवढंच मांडता येतं.

नाकबूल म्हटलं तर त्या दिवशी फार काही होत नाही. कोर्ट नोंद घेतं, पुढची तारीख पडते, नंतर मशीन लावणारा पोलीस, पंच, डॉक्टर यांच्या साक्षी होतात आणि सहायक सरकारी वकिलाला केस सिद्ध करावी लागते. नुसता तोंडाला वास येत होता, चाल अडखळत होती, डोळ्याच्या बाहुल्या मोठ्या होत्या एवढ्यावर माणूस दारूच्या अमलाखाली होता असं सिद्ध होत नाही, हे सुप्रीम कोर्टानं १९७१ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका केसमध्ये सांगितलंय, त्यात रक्ताची किंवा लघवीची तपासणीच झाली नव्हती. पण म्हणून प्रत्येकानं नाकबूल म्हणावं असं अजिबात नाही. स्लिपवर १२० आलंय, वेळ बरोबर आहे, डॉक्टरचा दाखला जुळतोय, तर उगाच दोन वर्षं पेश्या करत फिरण्यापेक्षा वकिलामार्फत कबूल होऊन पहिलाच गुन्हा आहे, घरी कमावणारा एकटा आहे, हे कोर्टासमोर नीट मांडणं जास्त सरळ. फक्त कागद वाचून मग ठरवा.

कोर्टाशिवायचं प्रकरण

पोलिसांनी जप्त केलेलं लायसन्स आरटीओकडे जातं आणि तिथे वेगळी कारवाई चालते, म्हणणं मांडायची संधी देऊन पहिल्या वेळी तीन महिन्यांसाठी अपात्र, पुन्हा केलं तर लायसन्स रद्द, शिवाय ड्रायव्हिंगचा रिफ्रेशर कोर्स केल्याशिवाय परत मिळत नाही. गाडी जप्त असेल तर ती सोडवायला कोर्टात अर्ज करून सुपूर्दनाम्यावर, म्हणजे कोर्ट सांगेल तेव्हा हजर करीन अशा लेखी हमीवर घ्यावी लागते, त्यासाठी आरसी आणि चालू इन्शुरन्स लागतो. अर्ज गाडीमालकाच्या नावानं पाहिजे, मित्राची गाडी असेल तर मित्रालाच यावं लागेल.

कोणाला लागलं किंवा कोणी मेलं तर हे सगळं गणितच बदलतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये नागपूरच्या रामझुला पुलावर मर्सिडीजच्या धडकेत स्कूटरवरचे दोन तरुण गेले, त्या केसमध्ये पुढे सदोष मनुष्यवधाचं कलम लागलं. अशा केसमध्ये पहिल्या पेशीला वकिलाशिवाय तोंडच उघडू नये.

तारखेला जाणं खरंच शक्य नसेल, आजारी असाल, तर वकिलामार्फत हजेरी माफीचा अर्ज द्यायचा आणि सोबत दाखला जोडायचा. नुसतं नाही गेलं तर आधी जामीनपात्र वॉरंट, मग अजामीनपात्र, आणि बॉण्डवर सुटून हजर न राहणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २६९ खाली वेगळाच गुन्हा, एक वर्षापर्यंत कैदेचा.

वकिलाला पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, किंवा १५१०० वर फोन करा. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, कोठडीत असलेले आणि ठराविक उत्पन्नाच्या आतले यांना मोफत वकील मिळायचा हक्क १९८७ च्या कायद्यानं दिलाय. पेशीच्या दोनचार दिवस आधीच अर्ज केला तर त्या वकिलाला स्लिप आणि कागद बघायला वेळ मिळतो.