खाडीचा चिखल, वरचा भराव आणि 'द्रवीकरण' या शब्दाचा घोळ

१९६४ साली जपानमधल्या निगाताच्या भूकंपात चारमजली इमारती न मोडता कलंडल्या आणि द्रवीकरण, म्हणजे भूकंपाच्या हादऱ्यांनी जमीन पातळ होणं, अभियंत्यांच्या चर्चेत आलं. आपल्याकडे ते २६ जानेवारी २००१ च्या भूकंपातही दिसलं. कच्छच्या रणात वाळू-पाणी उसळलं, कांडला बंदरातली पाइलवर (जमिनीत खोल रोवलेल्या खांबांवर) उभी असलेली इमारत कलली.

तेव्हापासून नवी मुंबईच्या वाशी-बेलापूर पट्ट्यात रस्ता बसला, पुलाच्या तोंडाशी गाडी दचकली, की 'द्रवीकरण झालं' असं सर्रास बोललं जातं. ते चूक आहे. खाडीकाठी बोअर मारला की काळपट, शिंपल्यांचे तुकडे असलेला चिखल वर येतो. चिमटीत धरला तर लोण्यासारखा पसरतो. ही मरीन क्ले. वर भराव पडला की तिच्यातलं पाणी वर्षानुवर्षं निघत राहतं आणि जमीन बसत जाते. त्याला भूकंप लागत नाही. पूल पाइलवर, खाली खडकाला टेकलेला. त्याला भिडलेला भराव तेवढा खाली जातो. तोच तो दचका. द्रवीकरणाला सुटी, पाण्याने भरलेली वाळू किंवा तशीच, कमी चिकट बारीक माती लागते. हादऱ्यांनी आतल्या पाण्याचा दाब चढतो, कण एकमेकांना सोडतात आणि काही सेकंदांत जमीन पातळ होते.

यावरून 'इथे चिखलच आहे, मग काळजी कसली' असं उत्तर मिळतं. मला ते पटत नाही. १९९९ मध्ये तुर्कस्तानातल्या अडापझारीत कमी चिकट बारीक मातीत इमारती रुतल्या. १९९५ ला कोबेच्या कृत्रिम बेटावर पातळ झाला तो झिजलेल्या ग्रॅनाइटचा, म्हणजे एका अर्थी मुरमाचाच भराव. आपल्याकडच्या भरावाचा मुरूम बेसॉल्टचा, तरी प्रश्न टळत नाही: तो किती दाबून बसवला, खाली पाणी कुठवर आहे?

भूकंपरोधक बांधकामाच्या २०१६ च्या भारतीय मानकात मुंबई परिसर भूकंपाच्या तिसऱ्या विभागात दाखवला आहे. त्याच मानकात द्रवीकरण तपासायची पद्धतही दिली आहे. त्यानंतर २०१८ ला लोकल खारकोपरपर्यंत गेली (नावातच खार आहे), नोव्हेंबर २०२३ ला बेलापूर-पेंधर मेट्रो आली, जानेवारी २०२४ ला उरण जोडलं गेलं. मेट्रो खांबांवर आहे, पण स्टेशनकडे जाणारा रस्ता, गटारं, पाण्याच्या वाहिन्या जमिनीतच. २०११ ला टोकियो खाडीकाठच्या उरायासूत पाइलवरच्या इमारती उभ्या राहिल्या. त्यांच्याभोवतीची जमीन खचली, वाहिन्या तुटल्या, मॅनहोल रस्त्याच्या वर आले. जिथे वाळूचे खांब ठोकून भराव आधीच घट्ट केला होता, तिथली जमीन टिकली.