एका रात्रीतली उंची आणि वर्षभरातली उंची

चौकटीवर पेन्सिलीची रेघ, शनिवारी रात्री आजोबांनी मारलेली. रविवारी उठल्याउठल्या पोरगा तिथे उभा राहतो, तर डोकं रेघेच्या वर, चांगलं करंगळीच्या रुंदीइतकं. रेघ कोणी खाली सरकवली, की पोरगा खरंच एका रात्रीत वाढला? अमळनेरला सुट्टीतल्या वाचनवर्गात सहावी-सातवीच्या मुलांनी मिळून जी रहस्यकथा रचली, तिचं पहिलं प्रकरण इथे संपतं. संशयित तिघं: खोडकर धाकटी बहीण, बाजारातून उंची वाढवायची पावडर आणणारा मामा आणि आजोबांचा चष्मा. मामा तर छाती फुगवून सांगत सुटलाय, “कितला वाढना रे भो!”

दुसऱ्या प्रकरणात तपास करणारी मुलगी काही न बोलता त्याच दिवशी रात्री पुन्हा उंची मोजते. डोकं परत रेघेवर. तिचं वाक्य मुलांनी असं लिहिलंय: “वाढलेलं हाड संध्याकाळी आखडत नाही. मग हा काय वाढला होता?” अख्ख्या कथेतलं मला सगळ्यात आवडलेलं वाक्य हेच, कारण दोन वेगळ्या गोष्टींना आपण एकच नाव देतो ते इथे पकडलं जातं.

रात्रीत वाढते ती पाठ. आपल्या मणक्यांच्या मध्ये 23 गाद्या असतात, ‘गादी सरकली’ म्हणतो त्याच. गादीच्या आतला गर पाणी धरून ठेवणारा. दिवसभर उभं राहून, बसून, दप्तर वाहून अंगाचा भार गाद्यांवर येतो आणि त्यातलं थोडं थोडं पाणी बाहेर दाबलं जातं. रात्री आडवं झालं की भार उतरतो आणि गाद्या पाणी ओढून घेतात, भिजत घातलेल्या हरभऱ्यांसारख्या टरारतात. मोठ्या माणसात हा सकाळ-रात्रीचा फरक साधारण 1 ते 2 सेंटिमीटर भरतो, आणि त्यातला मोठा वाटा उठल्यानंतर पहिल्या तासा-दोन तासांतच निघून जातो. म्हणजे पोरगा अंघोळ, नाश्ता उरकून चौकटीपाशी आला असता, तर मुलांच्या कथेतलं रहस्य जागच्या जागी बारगळलं असतं.

ही काही नवी बातमी नाही. जोसेफ वॉस नावाच्या इंग्रज पाद्र्याने सकाळ-रात्रीच्या उंचीतला फरक पत्रात लिहून कळवला होता, आणि लंडनच्या रॉयल सोसायटी या शास्त्रज्ञांच्या संस्थेने ते पत्र 1724 साली छापलं. आज त्याचा सगळ्यात ठळक नमुना अंतराळवीर. वर भारच नाही, त्यामुळे पाठीचा कणा लांबतो आणि उंची 3 टक्क्यांपर्यंत वाढू शकते. पृथ्वीवर परतल्यावर ती पुन्हा मूळपदावर येते. जानेवारी 2018 मध्ये जपानचे नोरिशिगे कनाई यांनी अंतराळ स्थानकातून कळवलं, की आपण 9 सेंटिमीटर वाढलो, आता परतीच्या सोयूझ यानाच्या खुर्चीत मावू की नाही याची काळजी वाटते. मग पुन्हा मोजलं तर निघाले 2 सेंटिमीटर! त्यांनी माफीही मागितली. अंतराळवीराची पट्टी एवढी चुकते, तर आपल्या आजोबांच्या चष्म्याला एकट्याला कशाला दोष द्यायचा?

खरी वाढ होते ती मुख्यतः हातापायांच्या आणि मणक्यांच्या हाडांत. तिथे मुलांच्या लांब हाडांच्या टोकांजवळ कूर्चेचा, म्हणजे अजून हाड न झालेल्या लवचिक भागाचा, एक पातळ थर असतो, त्याला ग्रोथ प्लेट म्हणतात. त्यातल्या पेशी वाढतात, फुगतात आणि हाडाच्या बाजूने एकेक थर पक्का हाड बनत जातो. हाड रबरासारखं मधून ताणलं जात नाही, हे स्टीफन हेल्स या इंग्रज शास्त्रज्ञाने 1727 मध्ये छापून मांडलं. त्याने अर्धवट वाढलेल्या कोंबडीच्या पिल्लाच्या पायाच्या हाडाला मधोमध अर्ध्या इंचावर दोन बारीक भोकं पाडली. दोनेक महिन्यांनी हाड जवळपास इंचभर लांब झालं होतं, पण दोन भोकांमधलं अंतर होतं तेवढंच. (पिल्लाचं काय झालं ते विचारू नका.) म्हणजे लांबी टोकांकडे भरत होती. हा प्रसंग मुलांनी कथेत घातला नाही. घातला असता तर तिसरं प्रकरण निम्म्याने आटोपलं असतं.

हा वेग संथ. शाळेच्या मधल्या वयात वर्षाला 5 ते 6 सेंटिमीटर, वयात येताना त्याहून बराच जास्त. किशोरवयाच्या शेवटाकडे ग्रोथ प्लेट हाडात मिसळून बंद होतात, मुलींमध्ये मुलग्यांच्या आधी. त्यानंतर पावडर, गोळी, बारला लटकणं यांनी हाड लांब होत नाही. चौथ्या प्रकरणात कथेचा नायक आठवडाभर बारला लटकून ‘वाढतो’, तिथे मुलं चुकली. लटकल्यावर पाठीवरचा भार थोडा वेळ उतरतो, उतरून चाललं की गाद्या पुन्हा दबतात. तो मजकूर बदलायला मी सांगितला आणि वर्गात अर्धा तास भांडण झालं. एकीचं म्हणणं, माझ्या दादाला फरक पडला. दादा तेव्हा चौदा वर्षांचा होता, लटकला नसता तरी वाढलाच असता.

मग खरा पुरावा कुठला? माझ्या मते पँट. गाद्या पाठीत असतात, पायात नाहीत. सकाळी कितीही टरारल्या तरी पँट आखूड होत नाही. जूनमध्ये टाचेपर्यंत येणारी गणवेशाची पँट दिवाळीला घोट्याच्या वर चढली, शिंप्याकडे जाऊन आतली दुमड उसवायची वेळ आली, की मांडीचं आणि नडगीचं हाड लांबलं. सकाळच्या रेघेपेक्षा शिंप्याची साक्ष भक्कम.

रेघच मारायची असेल तर दर वेळी एकाच वेळेला मारावी, संध्याकाळी किंवा सकाळी, पण ठरलेली. अनवाणी, टाचा भिंतीला, नजर समोर, केस दाबून, डोक्यावर वही काटकोनात. दोन-तीन महिन्यांच्या आत पुन्हा मोजण्यात अर्थ नाही. तेवढ्यात हाडाने केलेली भर गाद्यांच्या रोजच्या चढउतारातच बुडून जाते.

पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोरांनी मात्र हा फरक आपसूक हेरलाय. शिपाई पदासाठी पुरुषांना किमान 165 सेंटिमीटर लागतात. काठावरचा एखादा मापाच्या आदल्या रात्री लवकर झोपतो, सकाळी बसमध्ये उभा राहायचं टाळतो, जागा मिळाली तर आडवाच होतो. तो वाढलेला नसतो, दबायचा थांबलेला असतो. रांगेत तासभर उभं ठेवलं की तोही फायदा जातो.